उंच घराचा जमाखर्च

‘घर पाहावे बांधून’ असे आपली म्हण सांगते. ही म्हण रूढ झाली तेव्हाचे घर एकदा उभे राहिले की पिढ्यान्‌पिढ्या टिके. पावसाळ्यापूर्वी कौले चाळली आणि दिवाळीच्या सुमारास भिंतींना चुना दिला की घरधन्याचे बहुतेक काम संपे. आज आपण ज्या घरांचा विचार करणार आहोत, त्यांना मात्र ही म्हण अपुरी पडते. सरकारने किंवा नगरपालिकेने सामान्य मिळकतीच्या कुटुंबांसाठी उभारलेली, दहा, वीस, क्वचित चाळीस मजल्यांची ही घरे होत. ती बांधून पाहणे कठीण खरेच. पण बांधल्यावर ती पन्नास वर्षे चालवून पाहणे त्याहून कठीण.

ह्या घरांविषयी दोन पक्ष आढळतात. एक म्हणतो, शहरात जागा उरली नाही, तेव्हा वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा म्हणतो, माणूस जमिनीपासून तुटला की त्याचे समाजजीवन बिघडते. आमच्या मते हे दोन्ही पक्ष उंचीवरच वाद घालीत बसतात. खरा प्रश्न असा आहे, की बांधून झाल्यावर ह्या घराची निगा कोण राखणार आणि तिचा पैसा कोठून येणार?

हा प्रश्न उंच घरालाच इतका का छळतो, ते आधी पाहू. बैठ्या घरात पाणी नळाला आपोआप येते, केर दारातून बाहेर जातो, मूल अंगणात खेळत असले तरी आईच्या नजरेत असते. अकराव्या मजल्यावर ह्यांपैकी एकही गोष्ट आपोआप घडत नाही. पाणी चढवायला पंप लागतो, म्हाताऱ्या माणसाला उतरायला लिफ्ट लागते, आगीच्या वेळी सुटकेची वाट आधीच राखून ठेवावी लागते. बैठ्या घराचा नळ बिघडला तर एका कुटुंबाची अडचण होते. उंच घराचा पंप बिघडला तर शंभर कुटुंबांची होते. आणि हा पंप कोणा एकाचा नसतो. म्हणून तो दुरुस्त करणे हेही कोणा एकाचे काम राहत नाही.

ज्यांनी हा हिशेब आरंभीच मांडला, त्यांत ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना अग्रभागी आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथील कामगारवर्गाच्या घरांची स्थिती दारुण होती. १९२३ साली तेथील समाजवादी नगरपालिकेने घरबांधणीसाठी खास कर बसविला. मोठ्या घरावर तो जबर होता आणि लहानावर नाममात्र. १९३४ पर्यंत नगरपालिकेने ६० हजारांहून अधिक घरे बांधली. कार्ल एन ह्या वास्तुशिल्पज्ञाने रचलेली आणि १९३० साली खुली झालेली ‘कार्ल मार्क्स होफ’ ही इमारत एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्यात १,३८२ घरे होती, शिवाय सामायिक धुणीघरे, बालवाड्या आणि वाचनालय. ही इमारत फारशी उंच नाही, पण तिच्या मागची आर्थिक योजना ध्यानात घेण्याजोगी आहे. बांधकामाचा खर्च करातून भागविला गेला आणि भाडे ठरले ते केवळ निगा राखण्यापुरते. भाडे कमी, तरी ते ज्या कामासाठी घ्यायचे त्याला पुरेल एवढे. ह्या घरांत आजही लोक राहतात.

ह्याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील सेंट लुईस शहराचे. तेथे १९५४ ते १९५६ ह्या काळात ‘प्रुइट-आयगो’ नावाची वसाहत उभी राहिली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरे. शिल्पज्ञ मिनोरू यामासाकी. बांधणीचा पैसा केंद्र सरकारच्या मदतीतून आला, पण निगा मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून राखावी असा नियम होता. खर्च वाचविण्यासाठी लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबे, बाकीच्यांनी जिना चढावा-उतरावा. पुढे काय झाले ते व्यापाऱ्याला समजावून सांगावयास नको. शहराची वस्ती १९५० साली साडेआठ लाखांच्या वर होती, ती १९७० पर्यंत सव्वासहा लाखांच्या आत आली. गोरे लोक उपनगरांत गेले, कारखाने गेले, वर्णभेदाने मागे राहिलेल्यांची कोंडी केली. घरे रिकामी पडू लागली. भाडे घटले म्हणून दुरुस्ती थांबली. दुरुस्ती थांबली म्हणून आणखी बिऱ्हाडे गेली. उरलेल्यांवर भाडेवाढ लादली, तेव्हा १९६९ साली भाडेकरूंनी भाडे देणेच बंद केले. १९७२ साली सुरुंग लावून पहिल्या इमारती पाडल्या, आणि १९७६ पर्यंत सारी वसाहत भुईसपाट झाली.

त्या सुरुंगाची छायाचित्रे जगभर गेली आणि उंच घरांचा प्रयोग फसला असा पुकारा झाला. पण असेच प्रयोग दुसरीकडे का फसले नाहीत? सिंगापूरचेच घ्या. तेथील गृहनिर्माण मंडळ १९६० साली स्थापन झाले. पुढच्याच वर्षी २५ मे रोजी बुकित हो स्वी ह्या झोपड्यांच्या वस्तीला आग लागली आणि सुमारे १६ हजार माणसे उघड्यावर पडली. मंडळाने घाईने बहुमजली घरे बांधली. पुढे १९६४ पासून ही घरे रहिवाशांना दीर्घ पट्ट्याने विकत मिळू लागली, आणि १९६८ पासून त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक वापरता येऊ लागली. आज त्या देशातील दर दहा माणसांपैकी सुमारे आठ माणसे अशाच घरांत राहतात.

येथील एक बाब सेंट लुईसशी ताडून पाहावी. सिंगापूरच्याही जुन्या इमारतींत लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबत असे. दोष तोच, परंतु तेथे २००१ पासून सरकारने खास योजना आखून बहुतेक इमारतींत ती दर मजल्यावर थांबेल अशी सोय करून घेतली. वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या नगर समित्या दरमहा वर्गणी घेतात. तिचा काही भाग रंगरंगोटी, छप्पर आणि लिफ्ट ह्यांच्या भावी खर्चासाठी बाजूला ठेवावाच लागतो, असा कायदा आहे. अर्थात तेथील बहुतेक जमीन सरकारच्याच मालकीची आहे आणि शासन बलाढ्य आहे. त्यांचा कित्ता सर्वांना जसाच्या तसा गिरविता येणार नाही. निधीचा नियम मात्र कोणालाही घेता येईल.

निगेसाठी पैसा असला म्हणजे सारे झाले, असेही नव्हे. लंडनची ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली इमारत १९७४ पासून उभी होती. २०१६ साली तिचे नूतनीकरण पुरे झाले. त्यात बाहेरून बसविलेले आवरण ज्वालाग्राही होते. १४ जून २०१७ च्या रात्री एका स्वयंपाकघरातील आग त्या आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे प्राणास मुकली. आगीच्या धोक्याचा इशारा तेथील रहिवाशांच्या एका गटाने पूर्वीच जाहीरपणे दिला होता. तेव्हा पैशाबरोबरच राहणाऱ्याचा शब्द ऐकला जाणे हाही निगेचाच भाग मानला पाहिजे.

हा विषय आता आपल्यालाही दूरचा राहिलेला नाही. मुंबईच्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० नंतरच्या काळात सरकारने बी. डी. डी. चाळी बांधल्या. तीन मजली, १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामायिक. वरळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या दाटीनंतर स्वतःची मोरी, स्वतःचे दार मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट होय. पण चाळीच्या सामायिक गॅलरीला वीज लागत नव्हती. लिफ्टला लागते, आणि वीसएक वर्षांनी लिफ्टच नवी घ्यावी लागते.

म्हणून आपल्या गावात अशी योजना येईल तेव्हा नकाशा आणि रंगीत चित्र ह्यांवर समाधान मानू नये. तीन गोष्टी नगरपालिकेस वा मंडळास विचाराव्यात: दरमहा वर्गणी किती पडेल आणि ती तेथील मिळकतीस झेपेल काय? विसाव्या वर्षीच्या लिफ्टसाठी आजपासून कोणत्या खात्यात पैसा साठणार? आणि त्या खात्याची वही राहणाऱ्यांना पाहावयास मिळणार काय? ह्यांची उत्तरे पायाभरणीच्या नारळाआधी मिळाली पाहिजेत.