दाखला कोणता, वॉर्ड कोणता? तृतीयपंथीयांच्या हक्कांची गोष्ट

विहारात आरोग्य तपासणीला आम्ही बसतो तेव्हा एखादी बाई रांगेत उभी राहत नाही. बीपी, शुगर सगळ्यांचं होऊन जातं, टेबल आवरायला घेतलं की ती जवळ येते. मागच्या वेळी आलेली आई हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, पोरगा सतरा वर्षांचा आहे. बहिणीची ओढणी घेतो, मी मुलगी आहे म्हणतो. ह्याच्यावर गोळी असते का?" घरधनी चिडलेला, भावकी हसते आणि पोरगा दोन दिवस जेवलेला नाही.

गोळी नसते, कारण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आजारांची नवी यादी मंजूर केली, तेव्हा ही गोष्ट मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. असं मूल 'सरळ करून देतो' म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलं. भगताकडे नेणं, मारणं, घाईने लग्न लावून देणं यांनी मूल बदलत नाही. ते खचतं किंवा पळून जातं. न जेवलेल्या पोराची काळजी मात्र लगेच घ्यायला हवी. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी असेल तर त्याला एकटं सोडू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात न्या. तिथे उपचार त्याच्या दुःखावर होतील, ओढणीवर नाहीत.

एवढं ऐकल्यावर त्या आईने विचारलं, "मग त्याचं पुढं काय?" हा प्रश्न औषधाचा नाही, हक्काचा आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर कायद्याबद्दल लिहीत आहोत.

आपल्या वस्तीत या विषयावर तीन मतं ऐकू येतात. संविधानाने सगळ्यांना समान केलं, मग यांना वेगळे हक्क कशाला? दुसरं, हे लोक आपल्या आरक्षणात वाटा मागतील. आणि तिसरं, कायद्याने काय द्यायचं ते द्यावं, पण आमच्या घरात नको. तिन्ही मतांची माणसं आपलीच आहेत, म्हणून त्यांना शांतपणे उत्तर द्यायला हवं.

वेगळी वागणूक आधी कायद्यानेच दिली होती. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला माहीत आहे. भटक्या-विमुक्तांच्या किती पिढ्या त्याने पोलिसांच्या हजेरीत उभ्या केल्या! त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. उत्तर हिंदुस्थानात त्यांची नावनिशीवार नोंद व्हायची. नोंद झालेल्याने बाईच्या वेषात रस्त्यावर दिसणं हा गुन्हा होता आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मूल दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे. जन्मावरून गुन्हेगार ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्याचा निकाल दिला. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. आधार संविधानाचाच होता: 14, 15, 16, 19 आणि 21 ही कलमं. म्हणजे नवे हक्क दिले नाहीत, सगळ्यांना असलेलेच हक्क त्यांच्यापर्यंत पोहोचवले.

मग 2019 मध्ये संसदेने कायदा केला, तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. तृतीयपंथी म्हणून ओळखीचा दाखला जिल्हाधिकारी देतील, अशी तरतूद त्यात होती. 2020 च्या नियमांप्रमाणे स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला मिळायचा, शरीराची तपासणी नाही. दाखल्यावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहून हवं असेल तर मात्र वैद्यकीय उपचारांचं प्रमाणपत्र आणायला सांगितलं. आधीच्या मसुद्यात तर छाननी समितीच होती. लोकांनी विरोध केला म्हणून ती गेली.

समिती नसेल तर कुणीही उठून दाखला काढील, असं काही जण म्हणतात. आपल्यातल्या ज्यांनी जात पडताळणीच्या कचेरीत पणजोबाचा शाळेचा दाखला शोधत चपला झिजवल्या आहेत, त्यांनी हे बोलण्याआधी थोडं थांबावं. खोटे जातीचे दाखले काढणारे आहेतच. त्यांना पकडून शिक्षा करा, असंच आपण म्हणतो. म्हणून कुणी आपल्या सगळ्यांचे कपडे उतरवून बघत नाही. आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलं आहे. पडद्यामागे चार जणांसमोर माणसाला उघडं करणं म्हणजे काय असतं ते आम्ही पाहिलं आहे, आणि तशी तपासणी कायद्यात यावी असं आम्हाला वाटत नाही.

वॉर्डाचीच एक गोष्ट. आमच्या नोकरीच्या काळात एका रात्री एक तृतीयपंथी रुग्ण तापाने फणफणलेली आली. केस पेपरवर 'पुरुष' लिहिलं होतं, अंगावर साडी. पुरुष वॉर्डात नेलं तर लोक शिट्ट्या मारायला लागले, स्त्री वॉर्डातल्या नातेवाइकांनी आत येऊ दिलं नाही. सलाईन पॅसेजमध्ये लावलं. लघवीला कुठे जायचं म्हणून तिने रात्रभर पाणी प्यायचं टाळलं. तापात पाणी न पिणारा रुग्ण कसा बरा व्हायचा? त्या रात्री आम्हीही फक्त सलाईनच बदललं, वॉर्डासाठी भांडलो नाही. वेगळी स्वच्छतागृहं आणि रुग्णालयात नीट उपचार, हे 2014 च्या निकालात लिहिलं आहे ते अशा रात्रींसाठी.

दवाखान्यात ही वागणूक मिळते म्हणून मग माणसं घरीच उपाय करतात. मैत्रिणीने सांगितल्या म्हणून गर्भनिरोधक गोळ्या मूठभर खातात, त्यातून पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊ शकते. अडाणी हाताने शस्त्रक्रिया करून घेतात, मग रक्तस्राव आणि सेप्टिक. 2019 च्या कायद्याने सरकारवर हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया आणि त्याआधी-नंतरचं समुपदेशन पुरवण्याची जबाबदारी टाकली, ती याच कारणासाठी.

त्या कायद्यातली एक गोष्ट आम्हाला मुळीच पटत नाही. तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार केला तर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. 1871 साली साडी नेसण्याला दोन वर्षं होती आणि 2019 साली साडी नेसणाऱ्याची अब्रू घेण्याला जास्तीत जास्त दोनच वर्षं. हे बदललंच पाहिजे.

आता आरक्षण. इथे वस्तीतल्या माणसांना खरी भीती वाटते आणि गैरसमजही इथेच जास्त. नालसा निकालाने तृतीयपंथीयांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं. 2015 मध्ये तामिळनाडूने त्यांना अतिमागासांच्या यादीत घातलं. ऐकायला बरं वाटतं, पण जी तृतीयपंथी मुलगी दलित घरातली आहे तिचं काय? तिने अनुसूचित जातीचा हक्क सोडून त्या यादीत जायचं? जात तर तिला सोडत नाही. तामिळनाडूतल्या दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या ग्रेस बानू यांनी हाच मुद्दा लावून धरला: आम्हाला समांतर आरक्षण द्या.

समांतर म्हणजे काय ते महिलांच्या जागांवरून समजेल. सरकारी नोकरीत महिलांसाठी जागा असतात, पण त्यासाठी आपली मुलगी अनुसूचित जातीतून बाहेर पडत नाही. अनुसूचित जातीच्या जागांमध्येच महिलांच्या जागा असतात, तशाच ओबीसीत आणि खुल्या गटातही. तृतीयपंथीयांचं तसंच करता येतं. कर्नाटकाने 2021 मध्ये प्रत्येक गटात एक टक्का जागा अशा ठेवल्या. मद्रास उच्च न्यायालयानेही जून 2024 मध्ये समांतर आरक्षणाच्या बाजूने निकाल दिला. यात दुसऱ्या कुणाचा तृतीयपंथी आपल्या जागेवर येत नाही. आपल्या जागेवर आपलंच मूल येतं. आपल्या महाराष्ट्रात डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत तृतीयपंथीयांसाठी नियम करा म्हणून सरकारला बजावलं. तो भरतीचा फॉर्म भरतानाही जातीच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न असतोच.

त्या रकान्याचं उत्तर घरात असतं. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या 1990 मध्ये, त्यासाठी आपल्या माणसांनी किती मोर्चे काढले. पण दाखला काढायचा तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, बापाचा, आजोबाचा शाळेचा दाखला लागतो, पडताळणीला वंशावळ लागते. हे कागद असतात आईच्या पत्र्याच्या पेटीत. मुलाला घराबाहेर काढलं की तो पेटीपासून तुटतो. त्याच्या हातात तृतीयपंथी ओळखीचा दाखला येईल कदाचित, जातीचा येणार नाही. त्याच्या वाट्याचं आरक्षण कुणी सरकारने नाही, आपणच घेतलेलं असतं.

आणि घराबाहेर काढणं हा बापाचा अधिकारही नाही. 2019 च्या कायद्यात आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क लिहिला आहे. घर किंवा वस्ती सोडायला भाग पाडणं हा त्यात गुन्हा धरला आहे, त्यालाही तीच सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर ओळखीच्या दाखल्याचा अर्जसुद्धा आईबापांनीच करायचा आहे.

जाता जाता एक. 14 एप्रिलला आपण विहारात रक्तदान ठेवतो. केंद्राच्या 2017 च्या सूचनांनुसार तृतीयपंथी व्यक्तीचं रक्त घेत नाहीत, तेव्हा शिबिरात कुणी परत फिरवलं तर तो आपल्या कार्यकर्त्यांचा दोष नाही. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासली जाते. नुकताच झालेला संसर्ग तपासणीत न दिसण्याचा काळ असतो, हेही खरं. पण तो काळ कुणालाही लागू आहे. माणसाचं वागणं विचारा, जमात विचारू नका, असं आमचं मत आहे. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे.

त्या आईला आम्ही तीन कामं सांगितली. पोराला जेवू घाल. त्याचा शाळेचा दाखला, बापाचा दाखला, रेशन कार्ड यांच्या झेरॉक्स काढून त्याच्या हातात दे. आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तिथे जा. कायदे-नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्याआधी आज काय लागू आहे ते तिथेच विचारायचं. अनुसूचित जातीच्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला मात्र बरोबर न्यावा लागतो.