जुना व्हिडिओ गेम, नवा प्रक्षेपक आणि न मरणारी बदके

ठाण्याच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू होती. नववीतल्या एका विद्यार्थ्याने घरच्या माळ्यावरून वडिलांचा जुना व्हिडिओ गेम शोधून आणला होता. पांढरा-तांबडा प्लॅस्टिकचा डबा, दोन हातयंत्रे, एक नारिंगी बंदूक आणि पिवळ्या रंगाच्या चार ‘कॅसेट’. शाळेत नवा प्रक्षेपक आला होता. वर्गाच्या भिंतीवर सात फूट रुंदीचा पडदा, त्यावर मारिओ उड्या मारतो आहे आणि शेजारी तक्त्यावर दूरचित्रवाणीचे भौतिकशास्त्र समजावून दिले आहे, अशी मुलांची कल्पना. मला त्यांनी सल्ल्यासाठी बोलावले. मीही डोंबिवलीत असल्याच डब्यापुढे बसून बालपणाची कित्येक दुपार घालवलेली. त्यामुळे ‘त्यात काय, पाच मिनिटांचे काम’ असे बोलून गेलो. त्या पाच मिनिटांचे चार शनिवार झाले.

प्रथम या डब्याविषयी. जपानमधील निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात घरोघर दिसू लागली ती बहुतेक त्याचीच नक्कल केलेली यंत्रे. त्यांचे चित्र आडवे २५६ आणि उभे २४० ठिपक्यांचे. आजच्या प्रक्षेपकाचे चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे असते. गुणाकार करून पाहा, म्हणजे नव्या पडद्यावर जुन्या चित्राच्या ठिपक्यांहून सुमारे चौतीसपट ठिपके आहेत हे दिसेल. पण खरी अडचण ठिपक्यांच्या संख्येची नव्हती. जुने यंत्र आणि नवा प्रक्षेपक एकमेकांशी दोन अगदी निराळ्या भाषांत बोलतात, ही खरी अडचण.

वेळ म्हणजेच अंतर

जुन्या दूरदर्शन संचात काचेची मोठी नलिका असते. तिच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांची शलाका निघते, पुढच्या काचेवरील प्रस्फुरक लेपावर आदळते आणि तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. हा ठिपका डावीकडून उजवीकडे धावतो, झटकन परत येतो आणि खालची रेघ काढू लागतो. आपल्याकडच्या पद्धतीत एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. त्यांपैकी ५२ मायक्रोसेकंदांत दिसणारी रेघ काढली जाते, उरलेला वेळ परतीचा. सेकंदाला १५,६२५ रेघा झाल्या.

म्हणजे तारेतून येणाऱ्या संकेतात ‘हा ठिपका अमुक जागी काढ’ असे कोठेही लिहिलेले नसते. कोणत्या क्षणी विद्युतदाब किती, एवढेच असते. क्षण बदलला की पडद्यावरची जागा बदलते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या मंडळींना याचा अनुभव निराळ्या प्रकारे आलेला आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि इमारतींच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेना वरळीकडे तोंड करून उभे राहिले. वरळी ते डोंबिवली हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५ किलोमीटर, आणि वाटेत पारसिकचे डोंगर. थेट येणाऱ्या लहरीबरोबर डोंगरावरून परावर्तित झालेली लहरही अँटेनावर येई आणि वृत्तनिवेदकाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली उभी राही. त्याला आम्ही ‘भूत’ म्हणत असू. समजा परावर्तित लहरीने दीड किलोमीटर जास्त प्रवास केला. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणून ती ५ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचेल. ५२ मायक्रोसेकंदांत पूर्ण रुंदी, तर ५ मायक्रोसेकंदांत जवळजवळ एकदशांश रुंदी. भूत तितके बाजूला सरकेल. घरातल्या पट्टीने पडदा मोजून डोंगराच्या वाटेचा हिशेब मांडता येत असे. तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितले नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

आमच्या डब्याला दोन वाटा होत्या. एका वाटेने तो चित्राचा संकेत वाहक लहरीवर चढवून अँटेनाच्या भोकातून संचात सोडतो. म्हणूनच संच तिसऱ्या किंवा चौथ्या चॅनेलवर लावावा लागे. दुसरी वाट पिवळ्या रंगाच्या गोल खोबणीची. तिच्यातून चित्राचा संकेत तसाच, वाहक लहरीशिवाय बाहेर येतो. याचा पूर्ण आवाका सुमारे १ व्होल्टचा: ०.३ व्होल्ट ‘आता नवी रेघ सुरू कर’ या इशाऱ्यासाठी आणि ०.७ व्होल्ट काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांसाठी. रंगाची माहिती याच तारेत ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका उपवाहक लहरीवर बसवलेली असते.

आता प्रक्षेपक. शाळेच्या प्रक्षेपकाला पिवळी खोबणीच नव्हती. होती ती एचडीएमआयची चपटी खोबणी. २००२ साली आलेल्या या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याचा तांबडा, हिरवा आणि निळा अंश आकड्यांच्या रूपात पाठवला जातो. १०८० रेघांचे चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायचे, तर प्रत्येक तारजोडीतून सेकंदाला सुमारे दीड अब्ज शून्ये आणि एकके धावतात.

आणि येथे मी पहिली चूक केली. स्टेशनजवळच्या एका दुकानात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला पिवळा, पांढरा, तांबडा असे तीन खटके असलेली केबल मिळाली. स्वस्त होती. लावली, पडदा निळाच्या निळा. घरी जाऊन मी ती कापली. आत तारा आणि डाग, एवढेच. एका व्होल्टच्या आत वरखाली होणारी लहर नुसत्या तारेने आकड्यांत कशी बदलेल? तिची उंची सेकंदाला लाखो वेळा मोजणारे कोणी तरी मध्ये बसलेले असले पाहिजे. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हे दुकानातच ओळखायला हवे होते. मुलांना मी कापलेली केबल दाखवली आणि प्रदर्शनात तक्त्यावर लावायला दिली.

खरे परिवर्तक काड्यापेटीहून थोडे मोठे असते आणि त्याला वेगळा वीजपुरवठा लागतो, हीच त्याची ओळख. रूढ प्रमाणाप्रमाणे ते संकेताची उंची सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा मोजते. ५२ मायक्रोसेकंदांच्या रेघेवर किती मोजमापे पडतात ते तुम्हीच काढा.

जाता जाता एक सूचना. डब्याचा ॲडॉप्टर हरवला असेल तर हाताला येईल तो लावू नका. व्होल्ट तर जुळले पाहिजेतच, पण मधल्या टोकाला धन आहे की ऋण, हे यंत्रावरील खुणेशी मल्टिमीटरने ताडून पाहा. उलटे लावले तर आतला भाग जळू शकतो. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीने खेळ चालू होतो असे आम्ही सारे मानत होतो. वास्तविक कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे संपर्क जुळत असे आणि श्रेय फुंकरीला जाई. तोंडातल्या ओलाव्याने मात्र तांब्याच्या पट्ट्या काळवंडतात. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसाव्यात.

चित्र आले, पण…

परिवर्तक लावताच भिंतीवर मारिओ अवतरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मारिओ बेढब, लठ्ठ दिसत होता. जुना पडदा चारास तीन या प्रमाणाचा, नवा सोळास नऊ. प्रक्षेपकाच्या यादीतून ‘चार-तीन’ निवडले आणि तो पूर्ववत सडपातळ झाला. हे सोपे होते. विटांच्या आडव्या कडा मात्र सतत वरखाली थरथरत होत्या. जुन्या संचावर असे कधी दिसले नव्हते.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. दूरदर्शनचे पूर्ण चित्र ६२५ रेघांचे, पण ते दोन हप्त्यांत पाठवले जाई: आधी विषम रेघा, मग सम रेघा. प्रत्येक अर्धचित्रात तीनशे साडेबारा, म्हणजे ३१२.५ रेघा. त्या अर्ध्या रेघेमुळेच दुसऱ्या अर्धचित्राच्या रेघा पहिलीच्या मधल्या फटींत बसत. खेळयंत्र रचणाऱ्यांनी ही अर्धी रेघ गाळून टाकली. त्यांचे यंत्र दर वेळी पूर्ण ३१२ रेघा पाठवते. परिणामी प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या अगदी त्याच रेघांवर पडते आणि सेकंदाला पन्नास स्थिर चित्रे मिळतात. काचेच्या नलिकेला याने काही फरक पडत नाही. ती बिचारी इशारा आला की रेघ काढते. आमचे स्वस्त परिवर्तक मात्र ‘आलेली दोन चित्रे म्हणजे एकाच चित्राचे दोन अर्धे’ असे धरून चालले होते आणि त्यांना एकमेकांत विणत होते. म्हणून थरथर. शिवाय विणायचे तर पुढचा अर्धा भाग येईपर्यंत आधीचा हाती धरून ठेवावा लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दुसऱ्या शनिवारी मुलांनी ‘डक हंट’ची कॅसेट घातली. हा १९८४ चा खेळ. बदके उडतात, आपण बंदुकीने नेम धरायचा. घोडा दाबला की भिंत क्षणभर काळी होई, पांढरे चौकोन चमकत, पण बदक मरेना. अगदी पडद्याला नळी टेकवून झाडली तरी नाही. मी निदान केले, ‘बंदूक बिघडली आहे, तीस वर्षांची वस्तू.’ तो विद्यार्थी हिरमुसला. म्हणाला, “सर, बाबांनी सांगितलं होतं की बंदूक चालू आहे.”

कल्याणला एक जुने दुरुस्ती करणारे गृहस्थ आहेत. मुले त्यांना काका म्हणतात. त्यांच्याकडे अजून १४ इंची काचेचा संच होता. त्यांनी डबा त्याला जोडला, नेम धरला आणि पहिल्याच गोळीला बदक पाडले. “सर, हिला काच लागते. भिंतीवर नाही चालायची,” एवढेच बोलून ते दुसऱ्या कामाला लागले. मला वर्गात जाऊन त्या मुलाची चूक कबूल करावी लागली, म्हणजे माझी.

बंदूक झाडत नाही, बघते

या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत भिंग आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा घटक असतो. घोडा दाबला की यंत्र एक चित्रभर पडदा काळा करते. त्या वेळी बंदुकीला प्रकाश दिसला तर ती दिव्याकडे रोखलेली आहे, अशी लबाडी पकडली जाते. लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तेव्हा प्रकाश दिसला तर नेम बरोबर. दोन बदके असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक, वेगळ्या चित्रांत. कोणत्या चित्राच्या वेळी प्रकाश दिसला यावरून कोणते बदक, ते कळते. पुन्हा तेच तत्त्व: वेळेवरून जागा.

काचेच्या नलिकेवर संकेत आला त्याच क्षणी ठिपका उमटतो. प्रक्षेपकावर? आम्ही मोजायचे ठरवले. काकांनी संच शाळेत न्यायची परवानगी दिली. पिवळ्या तारेला दुभाजक लावून एक फाटा संचाला, दुसरा परिवर्तकातून प्रक्षेपकाला जोडला. दोन्ही चित्रे अंधुक झाली. हेही गणिताने सुटते. उगमाचा अंतर्गत रोध ७५ ओहम, संचाचाही ७५ ओहम; त्यामुळे उगमाचे २ व्होल्ट दोघांत सारखे वाटले जाऊन संचाला १ व्होल्ट मिळतो. दोन फाटे समांतर जोडले की भाराचा रोध ३७.५ ओहम होतो आणि वाट्याला येतात फक्त ०.६७ व्होल्ट. मोजणीपुरते ते चालण्यासारखे होते.

मोबाइल दूरध्वनीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. संच आणि भिंत दोन्ही चौकटीत घेऊन पडदा काळा होण्याचा क्षण टिपला. मुलांनी एकेक चित्र पुढे सरकवत मोजले. संच काळा झाल्यानंतर भिंत काळी व्हायला वीस चित्रे लागली. एका चित्राला सुमारे ४.१७ मिलिसेकंद, म्हणजे ८३ मिलिसेकंद उशीर. खेळाचे एक चित्र २० मिलिसेकंदांचे. तेव्हा भिंतीवर पांढरा चौकोन येईपर्यंत यंत्र चार चित्रे पुढे निघून गेलेले असे. बदक सुटले, अशी नोंद केव्हाच झालेली!

प्रक्षेपक तिरपा ठेवून चित्र चौकोनी करण्याची सोय आम्ही वापरत होतो. ती बंद केली, प्रक्षेपक भिंतीसमोर नीट मध्यावर मांडला आणि यादीतला ‘गेम’ हा पर्याय घेतला. उशीर तेरा चित्रांवर, म्हणजे ५४ मिलिसेकंदांवर आला. मारिओच्या उड्या सुधारल्या. आधी खड्ड्यांत पडणारी मुले आता पलीकडे पोहोचू लागली. बदके मात्र जिवंतच.

तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “खेळाच्या आज्ञावलीतच तीन चित्रे थांबायला सांगितलं तर?” प्रश्न उत्तम होता. उशिराची अडचण त्याने सुटेल. पण मूळ रचनेच्या बंदुकीत आणखी एक मेख आहे. तिच्यात एक विद्युत गाळणी असते. नलिकेवर ठिपका प्रत्येक रेघेला नळीसमोरून जातो, म्हणून बंदुकीला प्रकाश सेकंदाला साधारण पंधरा हजार वेळा लुकलुकताना दिसतो. गाळणी तेवढ्या वारंवारतेचा प्रकाश आत घेते आणि इतर दिव्यांचा प्रकाश अडवते. आपल्या प्रक्षेपकात धावणारा ठिपकाच नाही. त्यात लाखो सूक्ष्म आरसे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही आरशांची चकती तयार केली. सर्व आरसे पूर्ण चित्र एकदम टाकतात आणि त्यांची उघडझाप निराळ्या तालात चालते. वेळेवर पोहोचलेला प्रकाशही या बंदुकीला ओळखीचा वाटेलच असे नाही.

प्रदर्शनात शेवटी दोन मांडण्या ठेवल्या. भिंतीवर मारिओ, आणि कोपऱ्यात टेबलावर काकांचा संच व बंदूक. संचाची मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवली होती, कारण आत वीस हजार व्होल्टच्या घरातला विद्युतदाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. तो उघडण्याच्या फंदात कोणी पडू नये. भिंतीवरच्या मोठ्या चित्रापुढे मुले थोडा वेळ थांबत आणि मग कोपऱ्यातल्या रांगेत जाऊन उभी राहत. दुपारी त्या विद्यार्थ्याचे वडील आले. त्यांनी बंदूक हातात घेतली, एक डोळा मिटला आणि दहापैकी नऊ बदके पाडली.