व्यवसायोपचार : रुग्णाची वाटचाल

पक्षाघाताने किंवा मणक्याच्या इजेने ज्याचे नित्याचे चलनवलन खुंटले, अशा रुग्णाची हकीकत व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रथम सविस्तर नोंदवून घेतो. स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल, स्पर्शज्ञान व स्मरण यांची तपासणी होते, परंतु रुग्णाला कोणते काम पुन्हा स्वहस्ते करावयाचे आहे, या प्रश्नास तितकेच महत्त्व असते. कोल्हापूरच्या पंचक्रोशीतील शेतकऱ्यास म्हशीची धार काढावयाची असेल, चपला शिवणाऱ्या कारागिरास आरी धरावयाची असेल; उपचाराची दिशा त्या उत्तरावरून ठरते. मग उद्दिष्टे व मुदत मुक्रर होऊन गुंडी लावणे, घास उचलणे, अंथरुणावरून उठून बसणे अशा क्रिया टप्प्याटप्प्याने गिरवल्या जातात. हातास आधारपट्टी मिळते, चमच्याची मूठ जाड होते, घरचा उंबरा व न्हाणीघर यांतही फेरफार सुचविले जातात. ठरावीक काळाने फेरतपासणी होते. मायेपोटी रुग्णाचे प्रत्येक काम घरच्यांनीच उरकणे, हा माझ्या मते या वाटेवरील मोठा अडसर होय.

या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय कमला निंबकर यांच्या प्रयत्नांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात निघाले. कोल्हापुरात, स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये स्थापिलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने अपंगांचे शिक्षण, निवास व रोजगार हे पुढचे प्रश्न हाती घेतले. रुग्णालयातून रजा मिळण्यापूर्वीच नातेवाइकांनी डॉक्टरांपाशी व्यवसायोपचाराची चौकशी अवश्य करावी.