ब्रिटनीच्या पाणंदी

फ्रान्सच्या वायव्य टोकाला अटलांटिक महासागरात घुसलेल्या ब्रिटनी या द्वीपकल्पाचे परंपरेने दोन भाग मानले जातात: समुद्रालगतचा तो ‘आर्मोर’ आणि आतला, एके काळी रानाने वेढलेला, तो ‘आर्गोआत’. हे दोन्ही शब्द ब्रेटन भाषेतले असून ही भाषा फ्रेंचच्या कुळातली नाही. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास ब्रिटन बेटातून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी ती आपल्याबरोबर आणली आणि म्हणूनच तिचे जवळचे नाते वेल्श भाषेशी आहे. गावांच्या नावांत ती आजही पदोपदी भेटते. ‘केर’ने सुरू होणारे नाव वाडीवस्तीचे, ‘प्लू’ने सुरू होणारे जुन्या पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या पंचक्रोशीचे, आणि ‘लोक’ने सुरू होणारे एखाद्या पवित्र स्थानाचे, एवढे ठाऊक असले तरी पायी फिरणाऱ्याला रस्त्यावरच्या पाट्यांचा अर्थ लागू लागतो.

प्रवासाच्या पुस्तकांतून पुरातन स्थळे एका प्रकरणात आणि निसर्गवाटा दुसऱ्या प्रकरणात मांडण्याची रीत आहे. ब्रिटनीच्या ग्रामीण भागात ही वाटणी टिकत नाही, कारण तेथील बहुतेक पायवाटा कोणाच्या तरी कामासाठी पडलेल्या आहेत आणि ज्या गर्द झाडीला आज निसर्ग म्हटले जाते तीही पुष्कळदा शेतकऱ्यांच्या हातची आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे खोल पाणंदी. कोकणात किंवा कोल्हापूरकडे दोन बांधांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेला पाणंद म्हणतात. ब्रिटनीतली पाणंद तशीच, पण शतकानुशतके बैलगाड्यांची चाके, जनावरांचे खूर आणि पावसाचे पाणी यांनी तळ खरवडला गेल्यामुळे आजूबाजूच्या शेतांपेक्षा कित्येकदा माणसाच्या उंचीएवढी खाली गेलेली. दोन्ही अंगांना मातीचे, कोठे कोठे दगडांनी बांधून काढलेले बांध, बांधांवर ओक, चेस्टनट आणि हेझल, आणि वर फांद्या एकमेकींत गुंतल्यामुळे भर दुपारीही हिरवट अंधार. बांधाच्या ओल्या भिंतीत नेच्यांचे झुबके असतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला डिजिटॅलिसचे जांभळे घंटाकृती तुरे उभे राहतात आणि दगडांच्या फटींतून रुपयाएवढ्या गोल पानांची एक मांसल वनस्पती डोकावते. तिच्या पानाच्या मधोमध बेंबीसारखा खळगा असतो आणि पावसाचा थेंब त्यात बराच वेळ तसाच थांबून राहतो. फ्रेंच लोक तिला ‘व्हीनसची बेंबी’ म्हणतात.

बांध, झाडांच्या रांगा आणि त्यांच्यामधली लहान लहान शेते यांच्या या विणीला फ्रेंचमध्ये ‘बोकाज’ असे नाव आहे. बांध शेताची हद्द दाखवी, गुरांना अडवी, समुद्रावरून येणारा वारा मोडी, पावसाचे पाणी जिरवी आणि त्यावरच्या झाडांच्या फांद्या ठरावीक वर्षांनी तोडून चुलीला सरपण मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्राची शेती आली, तेव्हा विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण करण्याची सरकारी मोहीम राबवली गेली, तिच्यात हजारो किलोमीटर लांबीचे बांध बुलडोझरने सपाट झाले आणि असंख्य पाणंदी बुजल्या. ट्रॅक्टरला मोठे शेत हवे होते, हे खरेच. परंतु उतारावरून माती वाहून जाऊ लागली आणि ओढ्यानाल्यांना पूर्वीपेक्षा लवकर पूर येऊ लागला, तेव्हा त्या बांधांचे काम लोकांच्या लक्षात आले. आता सार्वजनिक निधीतून बांध पुन्हा घातले जात आहेत आणि त्यांवर झाडे लावली जात आहेत. तरीही नव्या बांधाला जुन्या पाणंदीची खोली येण्यास काही शतके लागतील, आणि म्हणून जी पाणंद शिल्लक आहे तिला एखाद्या जुन्या देवळाइतकेच जपले पाहिजे.

दगडी अवशेषांची कथाही याहून फार वेगळी नाही. ‘मेन्हिर’ या जगभर रूढ झालेल्या शब्दाचा ब्रेटन अर्थ ‘लांब दगड’, आणि दक्षिण किनाऱ्यावरील कार्नाक येथे असे सुमारे ३,००० दगड रांगांमध्ये उभे आहेत. या परिसरात दगड उभारण्याची प्रथा इसवी सनापूर्वी पाचव्या सहस्रकातली. ती कशासाठी होती, यावर विद्वानांत एकमत नाही. पाहणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की पायांखाली गवत मेले, मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली आणि दगडांचे बूड उघडे पडू लागले; तेव्हा १९९१ पासून रांगांभोवती कुंपण घालून गर्दीच्या महिन्यांत केवळ वाटाड्याबरोबरच आत जाण्याची मुभा ठेवण्यात आली. कुंपणावर तेथे पुष्कळ वाद झाला, परंतु आत पुन्हा उगवलेली झुडपे पाहता तो निर्णय योग्यच होता असे म्हणावे लागते. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ज्या अधिवेशनात शिवकालीन किल्ल्यांचा समावेश असलेल्या ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’ला मान्यता मिळाली, त्याच अधिवेशनात कार्नाक आणि मोर्बिहान किनाऱ्यावरील हे महापाषाणही जागतिक वारसा यादीत नोंदले गेले.

उत्तर किनाऱ्यावर मोर्लेच्या उपसागराजवळ बार्नेनेझचा ‘केर्न’, म्हणजे चुन्या-मातीशिवाय नुसत्या दगडांचा रचलेला प्रचंड ढीग, आहे. त्याची लांबी ७२ मीटर, पोटात ११ दफनकोठ्या आणि सर्वांत जुना भाग इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा सुमारे दोन हजार वर्षांनी आधीचा. १९५५ मध्ये रस्त्यासाठी खडी काढणाऱ्या एका कंत्राटदाराने तो फोडायला घेतला होता. शेजारचा लहान केर्न तर नाहीसाच झाला, आणि मोठ्याच्या काही कोठ्या उभ्या चिरल्या गेल्यानंतर काम थांबवण्यात यश आले. प्येर-रोलाँ ज्यो या पुरातत्त्वज्ञाने पुढे वर्षानुवर्षे तेथे उत्खनन केले. त्या जखमेतून कोठ्यांची आतली रचना आज बाहेरूनच दिसते.

एक मोठे कोडे मोर्बिहानच्या आखातातील गाव्रिनिस या बेटावर उलगडले. तेथील कोरीव दफनकोठीच्या छताच्या शिळेची वरची बाजू १९८४ च्या सुमारास शार्ल-तांगी ल रू यांनी उघडी केली, तेव्हा तिच्यावर लांब शिंगांच्या एका जनावराची अर्धवट आकृती दिसली. आणि तिचा उरलेला भाग सुमारे चार किलोमीटरवरच्या लोकमारियाकेर येथील एका डोल्मेनच्या, म्हणजे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेल्या कोठीच्या, छताखाली होता. एकच भव्य उभा दगड पाडून, तोडून, त्याचे तुकडे नव्या बांधकामांत वापरले गेले होते. लोकमारियाकेरलाच सुमारे २० मीटर लांबीचा एक मेन्हिर चार तुकडे होऊन पडलेला आहे. जुने मोडून त्याच दगडांनी नवे बांधण्याची रीत या मातीत अशी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची आहे.

आतल्या भागात, लेआँ या जुन्या प्रांतात, दगडाला वेगळा पैसा मिळाला तो जवसामुळे. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचे लिनन हे कापड सोळाव्या-सतराव्या शतकांत मोर्ले बंदरातून इंग्लंड आणि स्पेनकडे जाई. सूत विणण्याआधी पांढरे करावे लागे आणि त्यासाठी ओढ्याकाठी ‘कान्दी’ नावाची छोटी दगडी घरे असत: आत चूल, दगडी हौद, लाकडाच्या राखेचे गरम क्षारयुक्त पाणी पुन्हा पुन्हा सुतावर ओतायचे, मग ते धुऊन कुरणावर उन्हात पसरायचे. ओढ्याच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर शेवाळलेल्या भिंती आणि एखादा हौद दिसला तर ती पुष्कळदा कान्दीच असते. या व्यापारातून ‘जुलोदेद’ म्हणून ओळखला जाणारा श्रीमंत शेतकरी-व्यापाऱ्यांचा वर्ग उभा राहिला आणि त्यांच्या पैशांतून गावोगावी चर्चची आवारे सजली. कमान, चर्च, दफनभूमी, जुनी हाडे ठेवण्याचे अस्थिगृह आणि ‘काल्व्हेर’, म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंग कोरलेला दगडी स्तंभसमूह, हे सर्व एका भिंतीच्या आत. गिमिल्यो येथील १५८१ ते १५८८ या काळातल्या काल्व्हेरवर सुमारे २०० आकृत्या असून त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर सोळाव्या शतकातलेच कपडे आहेत. शेजारच्या सँ-तेगोनेकने १६१० मध्ये आपले काल्व्हेर उभारले, आणि दोन गावांतली ईर्ष्या पाहणाऱ्याला आजही सहज जाणवते. कोरण्यास मऊ आणि उघड्यावर कठीण होणारा, ब्रेस्टच्या आखातालगत मिळणारा काळसर ‘केर्सांताँ’ दगड यांत वापरला गेला आणि त्यामुळेच चेहऱ्यांवरच्या रेषा चार शतकांच्या पावसातही पुसल्या गेल्या नाहीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातील जकाती व युद्धे यांमुळे बाजार आटला आणि आवारे जेथे होती तेथेच थांबली.

किनाऱ्यावरची प्रसिद्ध वाट १७९१ पासून तस्करीवर नजर ठेवणाऱ्या जकात-पहारेकऱ्यांच्या गस्तीने पडली. १९६८ पासून टप्प्याटप्प्याने तिचे पुनरुज्जीवन झाले आणि आता सुमारे २,००० किलोमीटर लांबीच्या या पदमार्गाला ‘जे. एर. ३४’ म्हणतात. आतल्या भागात तिची बरोबरी करणारी वाट नांत-ब्रेस्ट कालव्याकाठची आहे. इंग्रज आरमाराने बंदरे कोंडली तरी माल आतून नेता यावा म्हणून नेपोलियनच्या काळात आखलेला हा ३६४ किलोमीटरांचा जलमार्ग १८४२ मध्ये पूर्ण झाला. पाण्याची पातळी चढवण्या-उतरवण्यासाठी दोन दरवाज्यांमध्ये नाव अडकवून ठेवणारे ‘लॉक’ त्यावर दोनशेहून अधिक असून ग्लोमेलजवळची खोल खोदाई १८२३ ते १८३२ या काळात लष्करी शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांकडून करून घेतली गेली. घोडे दोर ओढत ज्या काठाने चालत, त्याच काठाने आता पायी आणि सायकलवर फिरणारे जातात.

१९२३ ते १९३० या काळात गेर्लेदाँ येथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधले गेले, तेव्हा या वाटेचा एक तुकडा १७ लॉकसह जलाशयाखाली गेला आणि कालवा कायमचा तुटला. २०१५ मध्ये धरणाच्या तपासणीसाठी जलाशय रिकामा करण्यात आला, तेव्हा चिखलातून लॉकचे दगडी काठ, लॉकच्या रखवालदारांच्या घरांच्या भिंती आणि काळे पडलेले झाडांचे बुंधे वर आले. दूरदूरचे लोक ते पाहायला लोटले, आणि वर्ष सरण्याआधी दरवाजे बंद होऊन घोड्यांची ती वाट पुन्हा पाण्याखाली गेली.