बर्फ मासळीला, मग सावली खलाशाला का नाही?



मार्चपासून सुरतचं ऊन तापायला लागतं आणि 1 जूनला मासेमारीबंदी लागेपर्यंत आपल्या बोटी त्याच उन्हात असतात. तापीच्या मुखातून बाहेर पडलं की सावली फक्त केबिनची, तीही दोघा-तिघांपुरती. त्यात दमट हवा, घाम लवकर वाळत नाही आणि अंग थंड होत नाही.

डोक्याला गमछा, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट ही आपली जुनी सवय, आणि चांगली सवय. अमेरिकेत शेतात राबणारे मेक्सिकोकडचे मजूरही असेच अंग झाकतात. सनस्क्रीन मात्र ते क्वचितच लावतात. आपलंही तेच. "आम्ही काळेच, आम्हाला काय होणार?" असं आपण हसून म्हणतो. सावळ्या कातडीला कॅन्सरचा धोका कमी, हे खरं. पण डोळ्यांना कातडीचं हे कवच नसतं.

टोपी वरून वाचवते, पण दर्यावर ऊन खालूनही येतं. लाटांच्या फेसावरून सुमारे 25 टक्के अतिनील किरण परत वर फेकले जातात. वर्षानुवर्षं असं झालं की नाकाकडच्या कोपऱ्यातून एक मांसल पटल बुबुळावर सरकू लागतं. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. ऑपरेशन होतं, पण ते पुन्हा वाढू शकतं. तांडेलाची नजर अधू झाली तर त्या घरानं काय करायचं?

बोटमालकांना आमची विनंती आहे. कॅलिफोर्नियात 2005 पासून उघड्यावर काम करणाऱ्यांना पाणी, सावली आणि विश्रांती देणं मालकावर बंधनकारक आहे. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? डिझेल आणि बर्फाच्या यादीत एवढं लिहा:

• डेकवर बांधायला एक जाड ताडपत्री
• प्रत्येकाला 'यूव्ही 400' लिहिलेला चष्मा, दोरीसकट. नुसती काळी काच चालणार नाही
• प्यायचं पाणी भरपूर, सोबत ओआरएसची पाकिटं. एक लिटरवालं पाकीट एक लिटर पाण्यातच घोळवा

शर्ट घट्ट विणीचा असावा. भिजलेल्या पातळ सुती शर्टातून ऊन आत जातं, म्हणून कोरडा जोड ठेवा. मासळी सुकवणाऱ्या आणि बाजारात बसणाऱ्या आपल्या मायबहिणींनाही हे सगळं लागू आहे. दुपारी 12 ते 3 जाळी शिवायची तर शेडखालीच शिवा.

कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो झोपेत बडबडतोय समजू नका. तो उष्माघात आहे. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. समुद्रात असाल तर व्हीएचएफ चॅनल 16 किंवा कोस्ट गार्ड 1554, किनाऱ्यावर 108.

मासळी खराब होऊ नये म्हणून आपण बर्फाचा हिशेब चोख ठेवतो. पुढच्या फेरीला माणसाचाही तसाच ठेवूया.