कर्बेरॉस, एनएफएस आणि नावांचा घोळ

गेल्या वेळी आपण एनएफएसला कर्बेरॉसची सुरक्षा कशी जोडायची ते पाहिलं. आज त्यातली सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण घेऊ. सगळं मांडून झालं, घड्याळं जुळली, तिकीटही मिळालं, आणि माउंट करायला गेलो की उत्तर येतं, 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. मग आपण परवानग्या तपासत बसतो, एक्स्पोर्टची फाइल दहा वेळा वाचतो. पण पुष्कळदा दोष तिथं नसतोच, तो नावात असतो.

असं का होतं? कर्बेरॉस १९८०च्या दशकात एमआयटीच्या 'अथीना' प्रकल्पात तयार झालं. आयपी पत्त्यावरून कुणाची ओळख मानायची नाही, हे त्याचं मूळ सूत्र. प्रत्येक सेवेचं नाव केडीसीच्या, म्हणजे तिकीट देणाऱ्या सर्व्हरच्या, दप्तरी नोंदलेलं असतं. समजा, 'एनएफएस/साठा.लॅब.इंटरनल'. त्याच नावाची गुप्त किल्ली फाइल सर्व्हरवरच्या कीटॅबमध्ये असते. क्लायंटनं नेमकं हेच नाव घेऊन तिकीट मागायचं. सातबाऱ्यावर 'बाळू' आणि बँकेत 'बाळासाहेब' असलं की माणूस तोच असूनही काम अडतं ना, तसंच हे.

आता गंमत पाहा. आपण माउंट करताना नाव बरोबर लिहितो, तरी ते वाटेत बदलतं. कर्बेरॉसची लायब्ररी त्या नावाचा आयपी शोधते, आणि मूळ सेटिंग तसंच ठेवलं असेल तर त्या आयपीवरून उलट नावही शोधते. डीएनएसमधली ही उलटी नोंद जुन्या सर्व्हरच्या नावाची राहिली असेल, तर तिकीट मागितलं जातं त्या जुन्या नावानं. केडीसी म्हणणार, असा कुणी आमच्याकडे नाही.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे होस्ट्स फाइल. तिथं आयपीनंतर येणारं पहिलं नाव अधिकृत मानलं जातं. आधी नुसतं 'साठा' आणि मग पूर्ण नाव लिहिलं, की लायब्ररी 'साठा' धरून बसते. म्हणून पूर्ण नाव आधी, छोटं नंतर.

तर तपासायचं कसं? क्रम असा ठेवू या.

एक. क्लायंटवर 'गेटएंट होस्ट्स' ही आज्ञा आधी नाव देऊन आणि मग आयपी देऊन चालवा. दोन्हीकडून तेच पूर्ण नाव यायला हवं. 'डिग' फक्त डीएनएसला विचारतं, होस्ट्स फाइल पाहत नाही. त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विसंबू नका.

दोन. सर्व्हरवर 'केलिस्ट'नं कीटॅब उघडून त्यात हेच नाव आहे का बघा.

तीन. क्लायंटवर 'केइनिट' करून 'केव्हीएनओ' चालवा. त्याच्या मोठ्या 'एस' पर्यायाला सेवेचं नाव म्हणून 'एनएफएस' द्या आणि पुढे होस्टचं नाव लिहा. लायब्ररी शेवटी कोणतं नाव मागते ते लगेच दिसतं. तिथला किल्लीचा क्रमांक कीटॅबमधल्या क्रमांकाशी जुळतो का, तेही पाहा. किल्ली नव्यानं काढली असेल तर जुनी कीटॅब निरुपयोगी ठरते.

चार. केडीसीचा लॉग वाचा. क्लायंटवर नुसता नकार दिसतो, पण नेमकं कोणतं नाव सापडलं नाही ते इथं लिहिलेलं असतं.

उपाय दोन. एक तर डीएनएसची उलटी नोंद दुरुस्त करायची. ती आपल्या हातात नसेल, तर क्लायंटच्या कर्बेरॉस फाइलमध्ये 'आरडीएनएस' बंद करायचं.

एक मोह मात्र टाळू या. घाईत लोक 'सेक' पर्याय 'सिस' करून मोकळे होतात. माउंट लगेच होतं, पण मग क्लायंट जो युजर क्रमांक सांगेल तो सर्व्हर खरा मानतो. ज्याच्या हातात त्या मशीनचं रूट आहे, तो दुसऱ्या कुणाचाही क्रमांक घेऊन त्याच्या फाइली वाचू शकतो. डीएनएसमधली एक चुकीची ओळ दुरुस्त करायचं टाळून आपण सगळ्यांची कपाटं उघडी टाकलेली असतात.