काडतूस आणि वावड्या

लढाईच्या गप्पा निघाल्या, की ठाणे-डोंबिवलीकडच्या बैठकींत एक वाक्य हटकून ऐकू येते : "इन्सास रायफलीची बारीक गोळी शत्रूला ठार मारण्यासाठी नाहीच मुळी! एक जखमी केला, की त्याला उचलायला दोघे लागतात. एका गोळीत तिघे बाद!" ज्या घरचा मुलगा सैन्यात आहे, त्या घरीही मी हे गणित ऐकले आहे. म्हणून ते एकदा पडताळून पाहणे बरे.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या पोटात दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी आणि तोंडाशी गोळी. आपल्या शेजारच्या अंबरनाथला सरकारी कारखान्यात दारूगोळ्याचे असे धातूचे भाग बनतात. पुंगळीच्या पितळेत शंभरात सत्तर भाग तांबे नि तीस भाग जस्त. देवघरातल्या समईचे भावंडच म्हणा ना! बार उडताच पुंगळी फुगून नळीच्या बुडाशी घट्ट बसते, त्यामुळे तापलेला वायू मागे जवानाच्या तोंडावर येत नाही. लगेच ती किंचित आकसते आणि सुटून बाहेर पडते.

आता वजनाचा हिशेब. जुन्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीचे काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, तर इन्सासचे ५.५६ मिलिमीटरचे सुमारे १२ ग्रॅमचे. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे! शिवाय खांद्याला दणका कमी बसतो, त्यामुळे नेम ढळत नाही. गोळी बारीक झाली ती यासाठी. हे काडतूस मूळ अमेरिकेतले. १९५० नंतरच्या दशकात तिथल्या लष्कराने त्यासाठी अट घातली होती, की ५०० यार्डांवरून पोलादी शिरस्त्राण भेदले गेले पाहिजे. नुसते जखमीच करायचे, तर ही अट कशाला?

मग वावडी टिकली कशी? हलकी गोळी लांबवर गेली, की तिचा जोर लवकर ओसरतो. म्हणून गोळी लागूनही शत्रू उभा राहिल्याचे अनुभव जवान सांगतात, आणि ऐकणारा त्यातून हेतू काढतो. आपल्या सैन्याने २०१९ साली पुन्हा ७.६२ च्या रायफली मागवल्या, त्या जोर हवा म्हणूनच; पण त्याबरोबर ओझेही परत आले.

सगळ्याच वदंता खोट्या नसतात. "आपल्याला लागायची ती गोळी ऐकू येत नाही," असे जुने शिपाई म्हणत. ते खरे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर इन्सासची गोळी नळीतून निघताना सुमारे ९००.

तिघे बाद करण्याचे गणित मात्र बैठकीपुरतेच ठीक. जखमी शत्रूच्याही हातात बंदूक असते, आणि चाल करून येणारे त्याला उचलायला थांबत नाहीत. समोर उभ्या जवानाला आपल्या शस्त्राचा भरवसा लागतो. त्याच्या आईला आपण निदान खरे तरी सांगावे.